टक् वाजेपर्यंत

९ जानेवारी

बारक्यास,

आशीर्वाद नेहमीचाच, तक्रार मात्र नवी आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर तिसऱ्या मिनिटाला आपली जुंपते आणि चौथ्या मिनिटाला तू फोन आपटतोस. पत्रात निदान धाकट्या भावापुढे मला शेवटपर्यंत बोलता येतं.

माझी रिमोटची होडी हळू झाली आहे. गेल्या वर्षी तळ्यात ह्या झेंड्यापासून त्या झेंड्यापर्यंतचे साठ मीटर ती नऊ सेकंदांत जायची. तूच काठावर घड्याळ घेऊन उभा होतास. ह्या रविवारी चौदा सेकंद लागले. बदकं तिच्यापुढे निघून गेली. आपल्या पोस्टमास्तरांची होडी, जिला आपण दोघं तरंगता साबण म्हणायचो, तीसुद्धा पुढे गेली. पोस्टमास्तर रिटायर झाले तरी त्यांची जीभ अजून नोकरीवर आहे. मला म्हणाले, "कवळीवाले, तुमची होडी साध्या टपालाने निघाली वाटतं."

बॅटरी नवी आहे. पंखा मी कवळ्यांना चकाकी देतो त्याच पावडरने घासलाय, त्यात तोंड बघून घ्यावं. म्हणजे उरली मोटर, आणि ती कोणी भरली हे तुला सांगायला नको. अख्ख्या गावाच्या पंपांच्या मोटरी भरतोस, भावाची भरताना तारेत हात आखडता घेतलास की काय?

मेच्या शेवटच्या रविवारी शर्यत आहे. सहा वर्षं मी पहिला आलोय. सातव्या वर्षी साबणाच्या मागे यायची पाळी माझ्यावर आणू नकोस. वेग कसा वाढवायचा ते सविस्तर लिही.

अक्षराला हसू नकोस, पेन भिकार आहे.

दादा


१७ जानेवारी

दादास,

आशीर्वाद मिळाला. तक्रार त्याच्याही आधी मिळाली.

माझ्या मोटरीला नावं ठेवायचं काम नाही. तारेचे अकरा वेढे आहेत, एकेक हाताने घातलाय, आणि मी भरलेली मोटर जळेल पण सुस्तावणार नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं झालंय तुझं.

आता ऐक. आधी मोटरीपासून पंख्यापर्यंत जाणारी तार नळीतून बाहेर काढ. जुनं ग्रीस वाळून चिकट झालं असणार. पुसून नवं लाव. मग बॅटरी बोटभर मागे सरकव. नाक जड असलं की होडी पाणी नांगरत जाते, तिला नाक वर करून धावू दे. फार मागे नेलीस तर ती बेडकासारखी उड्या मारेल, तेव्हा थोडी थोडी सरकव. पंख्याच्या पात्याला कुठे खरचटलंय का बघ, केसाएवढा खड्डासुद्धा वेग खातो. आणि शेवटचं म्हणजे फेरी झाली की लगेच मोटरीला हात लाव. चटका बसतो का नुसती कोमट लागते, ते कळव. डॉक्टर जसा ताप विचारतो तसं समज.

मी येऊन पाहिलं असतं, पण पुढचे चार महिने पंपांचे. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. शर्यतीला बघू.

बारक्या


२ फेब्रुवारी

बारक्यास,

तू सांगितलंस ते सगळं केलं. ग्रीस बदललं. बॅटरी मागे घेतली, होडी बेडूक झाली, परत पुढे घेतली. पात्यावर खड्डा नाही. एवढं करून साडेतेरा सेकंद. मोटर कोमटसुद्धा नाही, पाण्यातून काढलेल्या काकडीसारखी गार लागते.

पंखा बसवताना नट तीनदा हातातून सुटला. तिसऱ्यांदा कपाटाखाली गेला तेव्हा तुझ्या वहिनीने काढून दिला आणि घट्टही तिनेच केला. हल्ली तिला होडीत फार रस वाटायला लागलाय. बॅटरीची पिन लावते, झाकणाला पट्टी मारते. इतकी वर्षं तळ्यावर स्वेटर विणत बसायची, आता पाना मागते. म्हातारपणी शिकतेय तर शिकू दे.

पोस्टमास्तर म्हणतात मोठा पंखा लावा. मला पटत नाही, पण तू म्हणशील तर लावतो.

दुकानातून दोन कवळ्या परत आल्या ह्या महिन्यात. लोकांना हल्ली धीर नाही, दोन दिवसांत टोचते म्हणून ओरडायला लागतात. चालायचंच.

दादा


१० फेब्रुवारी

दादास,

मोटर गार राहते म्हणतोस तिथेच मेख आहे. मोठा पंखा लावू नकोस. मोटर दमत असती तर गरम झाली असती. ती दमतच नाही, कारण तिला कोणी पळ म्हणतच नाही. म्हणजे दोष मोटरीच्या आधी आहे. बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये तो कंट्रोलरचा डबा आहे. रिमोटचा खटका जेवढा दाबशील तेवढीच वीज तो पुढे सोडतो. त्याला पूर्ण हुकूम पोचत नसावा. मला वाटतं खटक्यातच धूळ गेली आहे किंवा तो अडकतोय.

एक कर. खटका शेवटपर्यंत दाब. शेवटाला प्लास्टिकवर प्लास्टिक आपटून टक् असा आवाज येतो. तो येतो का, एवढंच कळव. आला तर कंट्रोलर बदलू, नाही आला तर रिमोट उघडू.

आणि जरा बरं पेन घे रे. मागचं पत्र वाचताना मला वाटलं तू चालत्या गाडीत बसून लिहिलंस.

बारक्या


१९ फेब्रुवारी

भाऊजींना नमस्कार.

मी तुम्हाला पत्र लिहिलंय हे ह्यांना माहीत नाही. उत्तर मी काम करते त्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा, पाकिटावर लिहिलाय.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे खुर्चीत बसून कितीतरी वेळ खटका दाबत होते. टक् वाजलं नाही. मग म्हणाले, "बारक्याचं बरोबर आहे, खटक्यात धूळ गेली," आणि अंघोळीला गेले. मी रिमोट उचलला आणि दाबला. एका बोटाने टक् वाजलं.

होडीत काही दोष नाही, भाऊजी. मंगळवारी मी वाचनालयातून लवकर निघाले आणि होडी पिशवीत घालून तळ्यावर गेले. पोस्टमास्तर तिथे असतातच, त्यांना घड्याळ धरायला सांगितलं. नऊ सेकंद आणि थोडं वर. मी चालवली तर नऊ. ते घड्याळाकडे बघत राहिले, मग मला म्हणाले की ते कुणाला सांगणार नाहीत. तेव्हापासून ते ह्यांची चेष्टाही करत नाहीत.

दिवाळं निघालेल्या दुकानासारखी ह्यांची बोटं एकेक काम सोडून देतायत. आधी बटणं, मग नट, मग कवळ्यांच्या हिरड्या कोरायची कोरणी. डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं की नसा दुबळ्या झाल्यात, हाताचा व्यायाम करा. मला नंतर बाहेर बोलावलं आणि म्हणाले की हात परत येणार नाहीत. आधी उजवा जाईल, मग डावा. औषध नाही.

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. रोज सकाळी हे चेंडू दाबत बसतात आणि म्हणतात, "मेपर्यंत हात मोकळा होईल, होडीचं काय ते बारक्या बघेल." रविवारची सकाळ तेवढी हे माझ्या आधी उठतात. होडीसुद्धा आपल्याच हातामुळे हळू झाली हे कळलं, तर ते रविवारी उठायचे नाहीत.

तुम्ही काही बोलू नका, आणि एकदम निघूनही येऊ नका. भर पंपांच्या दिवसांत दुकान टाकून आलात तर ह्यांना लगेच वास लागेल. काहीतरी सुचवा फक्त. मला काही सुचत नाही.

वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. दुकानात कोणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी दोनदा विचारावं लागतंय त्यांना.

मी त्याला नाचता येईना अंगण वाकडं असं लिहिलं. ते पत्र सापडलं तर फाडून टाका.

डॉक्टरांचं मला कळत नाही. मला मोटरीचं कळतं, म्हणून तेवढंच सांगतो. खटक्याचा शेवट कुठे, हे त्या कंट्रोलरच्या डब्याला शिकवता येतं. तो शिकवाल तसं शिकतो, प्रश्न विचारत नाही. बॅटरी लावायच्या आधी रिमोट चालू करा. दादाला खटका दाबून धरायला सांगा, त्याला जमेल तेवढाच. मग बॅटरीची पिन लावा. डबा दोनदा पीप करेल. मग दादाला खटका सोडू द्या, एक लांब पीप होईल. झालं. आता त्याचं जेवढं बळ तेवढाच डब्याच्या हिशेबाने शेवट. तो अर्धाच दाबेल आणि होडी पूर्ण पळेल.

सोबत खटक्याची मऊ स्प्रिंगही पाठवतोय. त्याला वेगळं पत्र लिहितोय, त्यात सगळं माझ्या अंगावर घेतो. मला आणखी काय करता येईल ते सांगा. म्हणाल ते करतो. नुसतं इथे बसा असं म्हणालात, तेही करतो, पण ते फार जड जातंय.

बारक्या


२४ फेब्रुवारी

दादास,

दोष सापडला. चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी कंट्रोलर बसवताना त्याला खटका नीट शिकवायचा राहिला माझ्याकडून. रिमोटमध्ये धूळबिळ काही नाही. पद्धत पाठीमागे लिहिलीय, वहिनींना दाखव, त्या पिन लावतील. तू फक्त खटका दाबून धर. एक लक्षात ठेव, उगाच जोर लावायचा नाही. जास्त दाबलं तर मोजमाप चुकतं. आरामात दाब, बोट सुखाने जिथे थांबेल तिथे थांब. मऊ स्प्रिंग पाठवलीय, नवीन पद्धतीचे रिमोट सगळे तसेच येतात हल्ली.

माफ कर. तुला नसता ताप झाला.

बारक्या


६ मार्च

बारक्यास,

अक्षर तुझ्या वहिनीचं, मजकूर माझा. तिचं अक्षर बरं आहे म्हणून आता हीच पद्धत ठेवू.

नऊ सेकंद आणि एक दशांश. दोनदा मोजलं. साबण अजून पहिल्या झेंड्यापाशी होता. पोस्टमास्तरांनी टोपी काढली. ह्या बाईने काठावर टाळ्या वाजवल्या, बदकं उडून गेली. (मी फार नाही वाजवल्या, भाऊजी.)

चूक कबूल केलीस, बरं वाटलं. मोटर तुझी चांगली आहे, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

दादा


१८ एप्रिल

भाऊजींना नमस्कार.

सहा आठवडे चांगले गेले. म्हणजे तसे गेले नाहीत, पण रविवार चांगले गेले. मार्चच्या शेवटी होडी परत बारा सेकंदांवर आली. मी डब्याला परत शिकवलं. ह्यांना सांगितलं की भाऊजींनी महिन्यातून एकदा करायला सांगितलंय, ग्रीससारखं. नऊ सेकंद. मग दहा दिवसांतच परत अकरा, परत शिकवलं. परवा चौथ्यांदा केलं. चौथ्या वेळी खटका हललेला मला दिसलाच नाही, पीप वाजलं तेव्हा कळलं की हलला.

आता नवीनच अडचण आली आहे. पूर्वी हे हळूहळू दाबायचे आणि होडी हळूहळू सुटायची, वळणावर जरा सोडायचे, मग परत दाबायचे. आता मधलं काही उरलंच नाही. बोट जरा थरथरलं की होडी एकदम पूर्ण वेगाने सुटते, नाहीतर जागची हलत नाही. रविवारी सुटली ती थेट दगडी काठावर गेली. नाक फुटलं. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "वेग मात्र आहे हो तिला." घरी आल्यावर नाकाला कवळीचं गुलाबी मटेरियल लावायला मला सांगितलं. आता तिला हिरड्या आल्यासारखं दिसतं.

घास भरवायला अजून देत नाहीत. चमचा हाताला पट्टीने बांधते, मग खातात. शर्टाला बटणांऐवजी चिकटणाऱ्या पट्ट्या लावल्यात.

आणखी कमी शिकवता येतं का? आणखी थोडी जागा आहे का त्या डब्यात?

वहिनी


२५ एप्रिल

वहिनी,

जागा नाही.

दुकानात तसाच डबा आणून टेबलावर लावला आणि कागदाच्या जाडीएवढ्यापर्यंत करून बघितलं. त्याच्या खाली गेलं की तो शिकायलाच नकार देतो. खटका दाबलाय का बोट नुसतं टेकलंय, यातला फरक त्याला कळत नाही. चारदा केलंत तेच फार झालं. दुसरा डबा आणला तरी तिथेच थांबेल.

जळलेली मोटर आली की मी सगळी तार कापून काढतो आणि नव्याने भरतो. एकतीस वर्षं हेच केलं. "होणार नाही" असं गिऱ्हाईकाला कधी सांगितलं नाही मी. तुम्हाला सांगतोय. इथून तिथे हात पोचत नाही माझा, आणि आलो तरी काय करणार होतो?

मला येऊ द्या ना आता.

बारक्या


२९ मे

बारक्यास,

हे अक्षर पोस्टमास्तरांचं आहे. आम्ही तळ्याच्या बाकावर बसलोय. तुझी वहिनी वाचनालयात आहे आणि तिला हे पत्र कळायचं नाही. पोस्टमास्तरांनी आयुष्यभर लोकांची पत्रं न वाचता पोचवली, म्हणून त्यांना धरलं. लिहिताना नाक ओढतायत, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

शर्यत साबणाने जिंकली. माझी होडी सुटली, काठावर चढली आणि गवतात जाऊन थांबली. हसलो आम्ही सगळे. खरंच हसलो.

आता मुद्द्याचं. तुला खोटं बोलता येत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या चुकीमुळे, गेल्या वर्षी नऊ सेकंदांत जाणारी होडी ह्या वर्षी हळू कशी होईल? आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तू माफी मागितलीस. लहानपणी माझा पतंग तू फाडलास आणि वाऱ्याने फाडला म्हणालास. बाबांनी दोन तास कोपऱ्यात उभं केलं तरी वाराच म्हणत होतास. असा माणूस "चूक माझीच" असं सरळ लिहितो, तेव्हा काय समजायचं ते मी समजलो.

खरं तर त्याच्या आधीच समजलो होतो. डॉक्टरांच्या खोलीच्या दाराला काच आहे. ते तिला बाहेर घेऊन गेले तेव्हा मी आतून बघत होतो. आयुष्य लोकांची तोंडं बघण्यात गेलं माझं. तिने ओठ जसे मिटले तसे माणूस फक्त वाईट बातमी गिळताना मिटतो. ती आत आली आणि म्हणाली, व्यायाम करायला सांगितलाय. मी म्हटलं, करू.

ती मला फसवतेय असं तिला वाटतंय, आणि ते तिला जमतंय यावर ती तग धरून आहे. दर रविवारी पिन लावताना डबा पीप करतो आणि ती चोरून माझ्याकडे बघते, मला कळलं का म्हणून. मी बदकांकडे बघतो. चेंडूही तिच्यासाठीच दाबतो रे, बोटं मिटतसुद्धा नाहीत आता. तेव्हा मला माहीत आहे हे तिला सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला.

भीती वाटते, बारक्या. सकाळी चष्मा लावून देईपर्यंत पडून राहावं लागतं ना, तेव्हा फार वाटते. हे लिहा म्हटलं तर पोस्टमास्तर थांबले होते. लिहा म्हटलं.

आता काम सांगतो. तू नेहमी वेग वाढवून दिलास, ह्या वेळी कमी करून दे. माझ्या बोटात आता फक्त एक थरथर उरलीय, चालू नाहीतर बंद. चालू केल्यावर होडी सावकाश जाईल आणि काठ यायच्या आत मला बंद करता येईल, असं काही होतं का? उरलेत ते रविवार मला माझ्या हाताने चालवायचे आहेत. दुसऱ्या कुणाच्या हातात रिमोट गेला की मी तळ्यावर नुसता बसलेला माणूस.

दादा

(ता. क. मी पोस्टमास्तर. बक्षिसाचा कप यांच्या घरी नेऊन ठेवला होता, यांनी परत पाठवला. तुम्ही या.)


६ जून

दादा आणि वहिनी,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय.

मोटरीचा दोष पुन्हा माझाच निघाला. अकरा वेढे फार कमी होते, एवढ्याशा तळ्याला असली मोटर कोणी शहाणा भरत नाही. वहिनी, तुम्ही डब्याला शिकवत होतात त्यात तुमची काही चूक नव्हती. दादा, तू बरोबर चालवत होतास. मीच भरताना हावरटपणा केला.

तर तशीच दुसरी मोटर घेऊन ती नव्याने भरली आहे. जास्त वेढे घातले की मोटर हळू फिरते. अकराचे चोवीस केले, बारीक तारेने, जागा पुरेना तरी बसवले. दुकानाच्या हौदात दुसऱ्या होडीला लावून बघितली. सावकाश जाते. साठ मीटरला चाळीस सेकंद तरी लागतील. तुझ्यासारखाच एक रिमोट आणून त्याचा खटका काढून टाकलाय, त्याच्या जागी एक पट्टी बसवली आहे. बोट नुसतं टेकलं की चालू, उचललं की बंद. शेवटपर्यंत दाबायची भानगड नाही, टक् वाजत नाही. बोट थकलं तर मनगट टेकलं तरी चालतं, मी दोन्ही करून बघितलंय.

मोटर टपालाने पाठवत नाही. दुकानाला कुलूप लावलंय. पंप भरून हवे असतील त्यांनी थांबावं, नाहीतर दुसरीकडे जावं. शनिवारी दुपारी मी येतोय. का आलास असं कोणी विचारायचं नाही, मोटर बसवायला आलोय.

रविवारी आपण तिघं तळ्यावर जाऊ. वहिनी, तुम्ही पिन लावा. दादा, तू चालव. घड्याळ ह्या वेळी मी घरीच ठेवून येतोय.

बारक्या